यादी नको, पंगत हवी



आज पाठ नाही, स्वाध्याय नाही, निबंधाचे मुद्देही नाहीत. आज मला माझी एक चूक सांगायची आहे आणि त्या चुकीतून जे शिकले ते तुमच्यापुढे ठेवायचं आहे. विषय आहे शेजारधर्माचा. आपल्या शाळेत, आपल्या गल्लीत ज्या घरात चूल रोज नीट पेटत नाही, त्या घराला मदत कशी करायची? मदत करावी की नाही हा प्रश्नच नाही. प्रश्न आहे तो कशी करावी याचा.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पट ४२. गाव सोयाबीन, कपाशी आणि तुरीवर जगणारं. बऱ्याच घरांना शेत नाही, ज्यांना आहे त्यांना एक-दोन एकर कोरडवाहू. दिवाळी झाली की काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, काही वीटभट्टीवर. लेकरं कधी सोबत जातात, कधी आजीजवळ राहतात. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेचं चित्र असंच असेल.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी जवळच्या शहरातल्या एका मंडळाचा फोन आला. "मॅडम, १५ गरजू विद्यार्थ्यांना किराणा किट द्यायचे आहेत, यादी पाठवा." मला आनंद झाला. मी लगेच वर्गात वही घेऊन उभी राहिले आणि विचारलं, "कोणाच्या घरी शेत नाही? हात वर करा. कोणाचे बाबा बाहेरगावी कामाला गेले? हात वर करा." लेकरांनी हात वर केले. काहींनी इकडे-तिकडे बघून केले. मी नावं लिहिली. डीएडला बालमानसशास्त्राचा पेपर मी चांगल्या गुणांनी पास झाले होते, तरी त्या दिवशी मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कार्यक्रम झाला. बॅनर, माईक, पाहुण्यांसाठी खुर्च्या, हार. एकेक नाव पुकारलं जात होतं. लेकरू पुढे यायचं, पिशवीला एका बाजूने हात लावायचं, दुसऱ्या बाजूने पाहुणे हात लावायचे, फोटो निघायचा. चौथीतल्या एका मुलीचं नाव पुकारलं. ती आलीच नाही. शोधलं तर लिंबाच्या झाडामागे उभी. मी जवळ गेले तर म्हणाली, "माहं नाव काहून घेतलं मॅडम? आमच्या घरी हाये सगळं."

नव्हतं. मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. तिने पिशवी घेतली नाही. पुढचे चार दिवस शाळेत आली नाही. पाचव्या दिवशी मी घरी गेले. आजीने पाणी दिलं, बसायला गोधडी टाकली आणि मग म्हणाली, "मॅडम, उपासानं कोणी मरत नाई. पण लेकराले चारचौघात उपाशी म्हणू नये."

त्या मंडळाच्या लोकांचा हेतू चांगला होता. स्वतःच्या खिशातून पैसे काढून ते आले होते. दोष त्यांना देण्यात अर्थ नाही, कारण यादी मी केली होती. हात वर करायला मी सांगितलं होतं.

भूक वर्गात कशी दिसते

बाहेरच्या माणसाला वाटतं, आता कुठे राहिली भूक? रेशन आहे, खिचडी आहे. पण शिक्षकाला विचारा. आमच्या शाळेत सोमवारी खिचडी लवकर संपते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या हे माझ्या आधी लक्षात आलं. शनिवार-रविवार गेला की सोमवारी तीच ती पाच-सहा लेकरं दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ताट घेऊन येतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्या दोन दिवसांतही तसंच. सकाळी अकराच्या सुमारास डोळे मिटायला लागलेलं लेकरू आळशी असतंच असं नाही. ते सकाळी फक्त चहा आणि टोस्ट खाऊन आलेलं असतं.

शासनाची योजना आहे आणि ती मोलाची आहे, हे आधी स्पष्ट सांगते. १५ ऑगस्ट १९९५ ला प्राथमिक शाळांसाठी ही योजना सुरू झाली, तेव्हा आपल्याकडे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी न्यायला मिळायचा, तोही ८० टक्के हजेरी असेल तर. मी स्वतः विद्यार्थिनी असताना तो तांदूळ पिशवीत घेऊन घरी गेले आहे. पुढे नोव्हेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं गरम अन्नच द्या असा आदेश दिला आणि मग आपल्या शाळांत खिचडी शिजायला लागली. आज योजनेचं नाव पीएम पोषण आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजीपाला असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब.

आता घरचा हिशेब पाहा. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळतं. पाच किलोला तीसने भागा. दिवसाला साधारण १६७ ग्रॅम. ही भागाकाराची उदाहरणं मी वर्गातही देते. यात गहू-तांदूळ आहे. भाजी नाही, तेल नाही. डाळ विकत घ्यावी लागते. मजुरी चालू असते तोवर भाजी येते, मजुरी थांबली की आधी भाजी बंद होते. मग पोळीसोबत ठेचा, भातावर तिखट-मीठ. पोट भरतं, पण अंगी लागत नाही. म्हणून आपल्याकडची भूक बऱ्याचदा रिकाम्या ताटाची नसते. ती भाजी नसलेल्या ताटाची असते.

परसबाग: आमचा प्रयोग

शालेय परसबाग ही काही मी काढलेली गोष्ट नाही. पोषण आहार योजनेतच शाळांनी परसबाग करावी असं सांगितलेलं आहे, उत्कृष्ट परसबागेच्या स्पर्धाही होतात. उमेद अभियानातून बचत गटांच्या महिलांसाठी 'माझी पोषण परसबाग' मोहीमही झाली. कागदावर सगळ्यांच्याच परसबागा छान असतात. आमचीही आधी कागदावरच होती. त्या प्रसंगानंतर ती जमिनीवर आली.

हात धुण्याच्या नळांमागे दोनेक गुंठे पडीक जागा होती. हात धुतल्याचं सांडपाणी नाली काढून तिकडे वळवलं. कुंपणाला पालकांनी बोरी-बाभळीचे काटे आणून टाकले. पावसाळ्यात भेंडी, गवार, बरबटी लावली, कुंपणावर दोडका आणि वाल चढवला. हिवाळ्यात पालक, मेथी, शेपू, सांभार, मुळा. कोपऱ्यात दोन शेवगे आणि एक गोडनिंब. शेवगा लावाच, मी प्रत्येक शाळेला सांगते. पाणी कमी लागतं, शेंगा मिळतात आणि पाल्याची भाजीही होते.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. पहिल्या वर्षी बकऱ्यांनी एका रात्रीत मेथीचा पूर्ण वाफा संपवला. दिवाळीच्या सुट्टीत पाणी द्यायला कोणी नव्हतं, वांगी वाळली. मे महिन्यात तर गावालाच पाणी नसतं, बाग कुठून जगणार? त्यामुळे आमची बाग जून ते फेब्रुवारी अशी नऊ महिन्यांचीच आहे, हे आम्ही मान्य करून टाकलं.

खिचडीत ५० ग्रॅम भाजी म्हणजे ४२ मुलांना दिवसाला २ किलो १०० ग्रॅम. शाळेचे दिवस २२० धरले तर वर्षाला ४६२ किलो. एवढी भाजी आमची बाग देत नाही. चांगल्या आठवड्यात दोन-तीन दिवसांची गरज भागते. बाकी बाजारातूनच येते. पण पालेभाजीचा बहर असतो तेव्हा खिचडीला पुरून उरते आणि खरी गंमत त्या उरलेल्या भाजीची आहे.

ती भाजी घरी कोणी न्यायची? सहशिक्षक सर म्हणाले, "ज्यांना गरज आहे त्यांना देऊ." मी म्हटलं, "सर, यादी नको." मग आम्ही हजेरीपटाचा क्रमांक लावला. रोज तीन मुलं. आज एक, दोन, तीन. उद्या चार, पाच, सहा. चौदा दिवसांत सगळ्यांची पाळी येते. सरपंचांच्या नातवालाही जुडी मिळते आणि वीटभट्टीवरच्या मुलालाही. कोणी कोणाला देत नाही, कोणी कोणाकडून घेत नाही. सगळ्यांनी पाणी घातलं, सगळ्यांची पाळी आली.

तुम्ही म्हणाल, मग ज्याला जास्त गरज त्याला जास्त कसं मिळणार? त्यासाठी दुसरा नियम केला. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी जो कोणी पाणी घालायला येईल, त्याने त्या दिवशी लागेल तेवढी भाजी तोडून न्यायची. विचारायचं नाही, मोजायचं नाही. कोण येत असेल, तुम्हीच ओळखा. ज्या लेकरांचं ताट सोमवारी तीनदा भरायचं, तीच रविवारी बागेत यायला लागली. त्यांना कोणी बोलावलं नाही, त्यांची नावं कुठे लिहिली नाहीत. ती काम करतात आणि भाजी नेतात.

लिंबामागे उभी राहिलेली ती मुलगी तेव्हा पाचवीत होती. तिची पाळी आली तेव्हा मला जरा धाकधूक होती. तिने पालकाची जुडी घेतली, मुळांची माती झटकली आणि दप्तरात न घालता हातातच धरून घरी गेली. दोन दिवसांनी आजी शाळेत आल्या. पदराच्या गाठीत अंबाडीचं बी होतं. म्हणाल्या, "हे घ्या, आमच्या घरचं. गावात आता कोणाजवळ नाई." ज्या घराने किराण्याची पिशवी घेतली नव्हती, त्या घराने शाळेला बियाणं दिलं. आज आमच्या बागेत जी अंबाडी आहे, ती त्यांच्याच बियाण्याची.

आपल्या मातीतली पंगत

हे सगळं नवीन आहे का? अजिबात नाही. आपला जिल्हाच अन्नदानाचा जिल्हा आहे. शेगावला २३ फेब्रुवारी १८७८ ला गजानन महाराज पहिल्यांदा लोकांना दिसले, ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचून खाताना. ही गोष्ट आपल्याकडे लहान लेकरालाही ठाऊक असते. आज त्याच शेगावात संस्थानाचा महाप्रसाद रोज असतो. तिथे दारात तुमचं रेशनकार्ड कोणी विचारत नाही. पायी वारीहून आलेला शेतमजूर आणि गाडीतून आलेला साहेब एकाच ओळीत बसतात, एकच जेवण जेवतात.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमला विवेकानंद जयंतीच्या उत्सवात शेतात पंगती बसतात. पुरी आणि वांग्याची भाजी. माणसं इतकी, की वाढायला ट्रॅक्टर फिरवावे लागतात. एका वेळी सगळ्यांच्या पानात वाढून होतं आणि मगच सगळे पहिला घास घेतात. तिथे जेवून आलेल्या माणसाला कोणी गरीब म्हणत नाही. उलट तो गावात सांगतो, प्रसाद घेऊन आलो.

गाडगेबाबा तर आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. भुकेलेल्याला अन्न ही त्यांच्या शिकवणीतली पहिली गोष्ट आणि गरीब मुलामुलींना शिक्षण हीसुद्धा त्याच शिकवणीत. पण स्वतः बाबा कोणाकडे भाकर घेण्याआधी हातात खराटा घ्यायचे, अंगण झाडायचे. आधी काम, मग भाकर. आमच्या रविवारच्या नियमामागे तोच विचार आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ख्रिस्ती मंडळींचं काम आपल्या भागात फार कोणाला माहीत नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या आणि उपासमारीने रस्त्यावर आलेल्या मुली, बालविधवा यांना सोबत घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातल्या केडगावला त्यांचं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्यांनी मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. तिथे विहिरी खोदल्या, शेती केली, भाजीपाला आणि फळझाडं लावली. मुली विणकाम शिकल्या, छापखाना चालवायला शिकल्या. १८९९-१९०० च्या, आपल्या जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या 'छप्पन्नाच्या दुष्काळात' मिशनऱ्यांनी वऱ्हाडातही अनाथ मुलांना आसरा दिला. त्या काळी मदतीसोबत धर्मांतराचा प्रश्न जोडला गेला, त्यावर वाद झाले आणि त्यावर दोन मतं असू शकतात. पण उपाशी मुलीला शेतीवाडी आणि कसब देऊन तिच्या पायावर उभं करायचं, हा धडा घेण्यासारखा आहे. आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये हंगामाच्या सणाला लोक शेतातलं धान्य, भाजी, कोंबडी असं जे असेल ते चर्चमध्ये आणून देतात. दूर मिझोराममध्ये तर ख्रिस्ती घरातल्या बाया रोज भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात आणि तो चर्चला देतात. शंभराहून अधिक वर्षं झाली या प्रथेला. मूठभर देण्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही.

हे वाचताना तुम्हाला मुष्टिफंड आठवला असेल. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत. घराघरांतून मूठमूठ धान्य गोळा व्हायचं आणि मुलं स्वतः कामं करायची. एकदा मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रसुद्धा दिलं. आज आपण ज्याला लोकसहभाग म्हणतो, तो हाच.

या सगळ्यांत मला एक गोष्ट समान दिसते. घेणाऱ्याचं नाव कुठेही पुकारलं जात नाही. एक तर सगळे एका ओळीत बसतात, नाहीतर घेणाऱ्याच्याही हाताला काम असतं. माझ्या त्या कार्यक्रमात यातलं काहीच नव्हतं.

काही आक्षेप

या विषयावर शिक्षकांशी, पालकांशी बोलते तेव्हा तीन-चार प्रश्न हमखास येतात.

"सगळ्यांनाच दिलं तर ज्याला गरज नाही त्याच्यावर वाया जातं." जुडीभर मेथी सरपंचाच्या घरी गेली तर फार नुकसान होत नाही. पण ती त्या घरी जाते म्हणूनच दुसऱ्या घरी ती बिनदिक्कत जाते. हा खर्च नाही, हे शेजाऱ्याचा मान राखण्याचं मोल आहे आणि ते फार स्वस्त आहे.

"फोटो नसला तर दाते येत नाहीत." खरं आहे. देणाऱ्याला हिशेब मिळालाच पाहिजे. पण फोटो पोत्यांचा काढा, बागेचा काढा, शिजलेल्या भाताच्या पातेल्याचा काढा. लेकराचा चेहरा कशाला? आपल्या मुलाचा असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला आपल्याला चालेल का, एवढं एकदा स्वतःला विचारा.

"आधीच ऑनलाइन माहिती, सर्वेक्षण, बीएलओची कामं. त्यात आता शेती?" हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो, कारण मीही तेच करते. परसबाग एकट्या शिक्षकावर टाकली तर ती वाळणारच. आमची टिकली ती दोन पालक, स्वयंपाकी ताई आणि एका निवृत्त शेतकरी आजोबांमुळे. बाग शाळेची असण्यापेक्षा गावाची असेल तर जगते.

"हे काम शासनाचं, आपण का करायचं?" या प्रश्नाचं उत्तर जरा नीट द्यायला हवं.

लोकसहभाग आणि जबाबदारी

नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यात मुलांना आठवड्यातून एकदा अंडं, आणि अंडं न खाणाऱ्यांना केळी द्यायचा निर्णय झाला. आमच्या शाळेत अंड्याच्या दिवशी हजेरी पूर्ण असायची. मग जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा राज्याचा वेगळा निधी थांबला आणि अंडं द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या असं ठरलं. आता विचार करा. ज्या गावात लोकांची ऐपत आहे तिथल्या मुलांना अंडं मिळेल. ज्या गावातली निम्मी माणसं उसाच्या फडावर आहेत, तिथे लोकसहभाग कोणाचा घ्यायचा? म्हणजे जिथे अंड्याची सगळ्यात जास्त गरज, तिथेच ते मिळणार नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रोजचं अन्न हा लेकरांचा हक्क आहे आणि तो शासनाने पुरवला पाहिजे. तो दानशूर व्यक्तींच्या मर्जीवर सोडता येत नाही. परसबाग, स्नेहभोजन, देणगी ही वरची भाजी आहे, ती भाकरीच्या जागी येऊ शकत नाही. तुटपुंज्या मानधनावर रोज चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या स्वयंपाकी ताईंना आपण आणखी किती दानधर्म करायला लावणार?

ब्राझीलचं उदाहरण आपल्याला उपयोगी आहे. तिथे २००९ च्या कायद्याने केंद्राकडून येणाऱ्या शालेय आहाराच्या पैशातला किमान ३० टक्के भाग लहान शेतकरी कुटुंबांकडून माल घेण्यासाठी राखून ठेवला. मुलांना ताजं अन्न आणि गावातल्या शेतकऱ्याला हक्काचं गिऱ्हाईक. आपल्या गावातली एखादी ताई दोन गुंठ्यांत पालक-मेथी पिकवते आणि बाजारच्या दिवशी बस पकडून तालुक्याला नेऊन पडेल भावाने विकते. त्याच दिवशी शाळेची भाजी तालुक्याहून गावात येते. ही उलटी गंगा आपण आपल्या पातळीवर थोडी तरी सरळ करू शकतो. शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय मांडायला कोणाची परवानगी लागत नाही.

आपण काय करू शकतो

शेवटी काही सोप्या गोष्टी. यातली एक जरी जमली तरी पुरे.

१. वर्गात "गरीब कोण" हे विचारणारा प्रश्न कधीही विचारू नका. माहिती हवी असेल तर हजेरीपट, गृहभेट आणि स्वयंपाकी ताईंची नजर पुरेशी असते.

२. कोणी दाता आला तर त्याला सांगा, १५ जणांना पिशव्या देण्याऐवजी सगळ्या शाळेला एक दिवस जेवण द्या. स्नेहभोजनाची सोय योजनेतच आहे. पाहुण्यांनी मुलांसोबत पंगतीत बसून जेवायचं, एवढी एकच अट घाला.

३. किराणाच द्यायचा असेल तर तो संध्याकाळी, घरी, मोठ्या माणसाच्या हातात द्या. लेकराच्या हातात नको.

४. परसबागेत हजेरी क्रमांकाची पाळी आणि सुट्टीच्या दिवशी "जो राबेल तो नेईल" हे दोन नियम करून पाहा.

५. देशी बियाणं गावातूनच मागा. ज्या घरातून आपण कधी काही मागत नाही, त्या घरातून आधी मागा.

६. पालकहो, घरी लेकरू सांगत असेल की शाळेत माती उचलायला लावतात, तर एकदा येऊन बघा. वाफ्याची लांबी-रुंदी मोजून ते क्षेत्रफळ शिकतं, जुड्या वाटून भागाकार शिकतं, आणि बी कधी उगवतं याची नोंद ठेवून परिसर अभ्यास शिकतं. एखादा रविवार तुम्हीही पाणी घालायला या. रिकाम्या हाताने परत जावं लागणार नाही.

ती मुलगी आता तालुक्याच्या गावी मोठ्या शाळेत शिकते. परवा एसटी स्टँडवर भेटली. मी अभ्यासाचं विचारलं, तिने बागेचं विचारलं. "मॅडम, अंबाडी हाये का अजून?" मी म्हटलं, "आहे, पण औंदा बी कमी धरलं." म्हणाली, "मंग मी आजीले सांगतो, पाठवतो."

मी एकदा तिचं नाव घेणाऱ्यांच्या यादीत लिहिलं होतं. ती चूक मला पुसता येत नाही. पण तेव्हापासून माझ्या वर्गात तशी यादी झालेली नाही. तुमच्या वर्गात अशी एखादी यादी असेल तर ती आजच फाडून टाका, एवढीच विनंती.